माघातली अंडी

त्या शुक्रवारी नियंत्रण-ताटलीतल्या चोवीस भ्रूणांपैकी तेवीस जिवंत होते. महिना माघ होता. पाणी बसप्पाने आणले होते.

जिवंत निघाले तर बिघडले कुठे, असे कोणीही विचारील. ते कळावे म्हणून आमचे काम काय होते ते आधी सांगायला हवे. मी धारवाडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. राहायला हुबळीत, देशपांडे नगरात. रोज बसने जाणे-येणे. शिकवून उरलेला वेळ प्रयोगशाळेत जाई. शेतात फवारलेले औषध पावसाबरोबर ओढ्यात आणि तळ्यात उतरते. त्याने मोठे मासे मेले तर पाण्यावर तरंगतात, वास सुटतो, माणसे गोळा होतात. पण त्याच्या कितीतरी आधी अंड्यातल्या जिवाचे काय झाले, ते कुणाला दिसत नाही. ते बघणे हे आमचे काम.

एकदा कलघटगीकडचा एक माणूस बादलीत तीन मोठे मेलेले मासे घेऊन आला होता. त्याने गावच्या तळ्याचा मासेमारीचा ठेका घेतला होता आणि मासे औषधाने मेले असा दाखला त्याला हवा होता. आमच्या कुमुदअक्कांनी बादलीत पाहिलेही नाही. त्यांनी विचारले, "बोटाएवढी पिल्लं शेवटची कधी बघितलीत?" तो म्हणाला, "दोन वर्षं झाली असतील बघा. बगळे खातात म्हणत होतो." अक्का म्हणाल्या, "बगळ्यांना कशाला नाव ठेवता? हे तीन परवा मेले. तुमचं तळं दोन वर्षांपूर्वीच मेलंय." दाखला देण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. तो बादली तिथेच ठेवून गेला आणि प्रयोगशाळेतल्या बसप्पाला ती परसात नेऊन पुरावी लागली.

कुमुदअक्का माझ्याच विभागात शिकवत, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. धारवाडच्याच, मराठी घरातल्या. सगळे कॉलेज त्यांना अक्का म्हणे, प्राचार्यसुद्धा. संसार आणि सासू-सासरे उरकून त्यांनी पन्नाशी उलटल्यावर पीएच.डी.ला नाव नोंदवले. विषय होता आंब्याच्या आणि भाजीच्या पिकांवर सर्रास मारतात त्या एका कीटकनाशकाचा माशांच्या भ्रूणांवर होणारा परिणाम. मी ती पदवी आधीच घेतलेली, म्हणून कागदोपत्री नसले तरी मी त्यांची मदतनीस होते.

आमचा मासा म्हणजे झेब्रा मासा. पेराएवढा, अंगावर निळसर पट्टे, कुठल्याही मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा. आम्ही हुबळीच्या दुर्गदबैल बाजाराच्या पाठीमागच्या एका दुकानातून आणत असू. दुकानदार मिरजेकडचा. एकदा त्याला राहवले नाही. "मॅडम, लोक हे दोन नेतात, चार नेतात. तुम्ही साठ-साठ नेता. खाता की काय ओ?"

"छे ओ," अक्का म्हणाल्या, "मुंजीत वाटतो."

या माशाचा गुण असा की त्याचे अंडे काचेसारखे असते. संध्याकाळी नर आणि मादी एका टाकीत, मध्ये पडदा घालून ठेवायचे. सकाळी दिवा लावून पडदा काढला की अर्ध्या तासात अंडी पडतात. टाकीच्या तळाशी गोट्या पसरलेल्या असतात; अंडी त्यांच्या फटीत जातात, नाहीतर आईबापच ती खातात. अंडे मोहरीहून लहान. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होताना दिसतात. दुसऱ्या दिवशी हृदय हलू लागते. तिसऱ्या दिवशी पिल्लू बाहेर येते. मी हे हजारो वेळा पाहिले असेल; पहिला ठोका पडताना दर वेळी हातातली पेन्सिल थांबे.

प्रयोग साधा आहे. चोवीस खळग्यांची प्लास्टिकची ताटली. प्रत्येक खळग्यात एक अंडे. पाच ताटल्यांत औषधाच्या पाच मात्रा, चढत्या क्रमाने. सहाव्या ताटलीत औषध नाही, नुसते पाणी. ती नियंत्रण-ताटली. मग मोजायचे. किती मेले, किती वाकड्या कण्याचे निघाले, कुणाच्या हृदयाभोवती पाणी साचले, ठोके मिनिटाला किती. शेवटी केसाने स्पर्श करून बघायचे. निरोगी पिल्लू केस लागताच उसळून पळते. अक्कांनी आपलाच एक पांढरा केस काडीला चिकटवून ठेवला होता. "काळ्यापेक्षा मऊ असतो," त्या सांगत. खरेखोटे त्यांनाच ठाऊक.

औषधाच्या ताटलीत जे दिसते ते नियंत्रण-ताटलीशी ताडून बघायचे, एवढाच सगळा आधार. म्हणून जगभर एक नियम पाळतात: नियंत्रण-ताटलीतच दहातल्या एकाहून जास्त मेले, तर ती खेप बाद. अंडीच वाईट होती असे धरायचे आणि सगळे ओतून टाकायचे.

आता पाणी. पुस्तकात सांगितलेले पाणी म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्यात मोजून क्षार घालायचे. आमचे ऊर्ध्वपातन यंत्र वर्षातून दहा महिने बंद असे. नळाला पाणी आठवड्याने येई आणि त्यात क्लोरीन. अंड्यांना ते चालत नाही. तेव्हा अक्कांनीच तोड काढली. त्यांचे घर गावाच्या कडेला होते, मागे दीड एकराची आंब्याची बाग आणि बागेत आड. सासऱ्यांनी खणून घेतलेला, उन्हाळ्यातही न आटणारा. गल्लीतली सात घरे तेच पाणी पीत. दर सोमवारी अक्का स्कूटरवर पुढे दोन कॅन ठेवून येत. पाणी गोड, स्वच्छ. क्षार तपासले, आम्लता तपासली, सगळे बरोबर. विभागातल्या सहा-सात प्रबंधांत "नियंत्रण : आडाचे पाणी" असे लिहिलेले आहे. अक्कांना त्याचा अभिमान होता. त्या म्हणत, "आमचा सासरा शाळा शिकला नाही, पण त्याचं पाणी पीएच.डी. आहे."

या पाण्याने वर्षातले नऊ-दहा महिने काम चाले. माघ-फाल्गुनात मात्र नियंत्रण-ताटलीतलेच भ्रूण मरत. जगले ते वाकडे. खेप बाद, पुढची खेप बाद. असे तीन वर्षे झाल्यावर मी त्याचे कारण शोधून काढले. धारवाडला त्या दिवसांत पहाटे गारठा आणि दुपारी ऊन. तापमानाच्या चढउताराने मादीची अंडी कमकुवत होतात. मी हे वर्गात शिकवले. मुली ते उत्तरपत्रिकेत लिहू लागल्या. पुढे आम्ही माघात प्रयोग लावणेच सोडले. विभागात नवीन कोणी आले की जुने सांगत, माघातली अंडी घेऊ नका. कुणी का विचारले तर माझे नाव सांगत.

त्या वर्षी माघात अक्का भाचीच्या लग्नाला आठ दिवस मिरजेला गेल्या होत्या. एम.एस्सी.च्या मुलींना विकृत भ्रूण दाखवायचे होते. औषध कशाला वाया घालवा, माघ आहेच, म्हणून मी मुद्दाम अंडी काढायला लावली. शुक्रवारी मुली सूक्ष्मदर्शकावर बसल्या. थोड्या वेळाने एकीने मान वर केली. "मॅडम, वाकडे कुठे आहेत? सगळे नीटच आहेत की."

मी पाहिले. तेवीस सरळ होते, हृदये हलत होती.

बसप्पा आमचा प्रयोगशाळा सेवक, बावीस वर्षे तिथे होता. मी त्याला बाहेर बोलावून विचारले, "पाणी कुठलं घातलंस?"

त्याचा चेहरा उतरला. "तप्पात्री मॅडम," म्हणाला, चुकले. "अक्कावरांचे कॅन बुधवारीच संपले. मी आमच्या ओणीतल्या, गल्लीतल्याच, हातपंपाचं आणून घातलं. मुलींना दाखवायचंच आहे, चालतंय म्हटलं. अंडी खराब झाली काय?"

"नाही," मी म्हणाले.

मुली गेल्यावर मी नोंदवह्या काढल्या. बाद खेपा एकाखाली एक लिहिल्या. सगळ्या आंब्याला मोहोर असतो त्या दिवसांतल्या होत्या. मग मला जे आठवले ते मी नवीन शोधले नव्हते, पाहिलेलेच होते. अक्कांचे दीर बाग दर वर्षी गुत्त्याने, म्हणजे ठेक्याने, देत. मोहोरावर तुडतुडे पडतात, म्हणून गुत्तेदाराची माणसे पाठीवर पंप घेऊन फवारत आणि काम झाले की आडाच्या कट्ट्यावर पंप धूत. धुण्याचे पाणी कट्ट्याच्या फटीतून आत जाई. अक्का आणि मी मागच्या सोप्यावर चहा पीत बसलेल्या असू. वास आला की पदर नाकाला लावत असू. एकदा मी म्हणालेही होते, "आपलंच औषध दिसतंय." अक्का हसल्या होत्या. त्या औषधावर जन्म काढणाऱ्या दोन बायका समोर बसून ते आडात जाताना बघत होत्या आणि सोमवारी तेच पाणी कॅनमध्ये भरून स्वच्छ पाणी म्हणून आणत होत्या.

माघातली अंडी बाद केली, म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. औषध आडात दोन महिने जास्त असेल, बाकीचे महिने कमी असेल. पण अजिबात नसेल असे कशावरून? अक्कांच्या प्रबंधाचा मुख्य निष्कर्ष असा होता की सर्वांत कमी मात्रेत भ्रूणांवर काही परिणाम होत नाही. त्या ताटलीतली पिल्ले आणि नियंत्रण-ताटलीतली पिल्ले सारखीच. दोन्ही ताटल्यांत पाणी त्याच आडाचे. लंगड्याशी लंगडा ताडून दोघे सारखे चालतात म्हणण्यासारखे होते ते. ती मात्रा निर्धोक नसेल, तर अक्का सहा वर्षे मोजून एका घातक गोष्टीला चांगले म्हणणार होत्या. शिवाय सात घरे ते पाणी पीत होती. प्रबंध दोन महिन्यांत द्यायचा होता. अक्का त्याच वर्षी निवृत्त होणार होत्या.

सोमवारी अक्कांच्या आडाचे पाणी मागवून मी दोन्ही पाण्यांत अंडी लावली. बुधवारी निकाल कळला. आडाच्या पाण्यातली निम्मी मेली, हातपंपाच्या पाण्यातली जगली. तोवर अक्का बुंदीचे लाडू घेऊन परत आल्या होत्या. बाइंडर आला, पाच प्रतींचे कागद घेऊन गेला. मी तिथेच उभी होते. अजून एकदा खात्री करू, मग सांगू, असे मी स्वतःशी म्हणत राहिले. खात्री झालेली होती.

सांगितले ते पुढच्या मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत. अक्का डबा उघडून भाकरी मोडत होत्या.

"अक्का, तुमच्या आडात औषध आहे."

"कसलं औषध?"

"मोहोरावर मारतात ते. आपलंच."

त्यांनी भाकरीवर शेंगाची चटणी घातली. "कोण म्हणतं?"

"मी मोजलं."

"कधी?"

"पहिल्यांदा शुक्रवारी. तुम्ही लग्नाला होता तेव्हा."

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. "अकरा दिवस. आणि बाइंडर कागद घेऊन गेला तेव्हा तू माझ्या शेजारी उभी."

"हो."

"अगं, एवढी शिकलीस. तोंड उघडायला वेगळी परवानगी लागते काय?" मग आवाज चढला. "आणि ते माघाचं काय? गारठा, ऊन, कमकुवत मादी? पाच वर्षं पोरींना तेच शिकवलंस की!"

"चुकलं ते."

"चुकलं म्हणे. आमच्या आडाला नाव ठेवायला निघाली आणि स्वतःचं चुकलं म्हणे." डबा तसाच ठेवून त्या उठल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा त्या बसप्पाला पढवत होत्या. एका कॅनला तांबडा दोरा बांधायचा, एकाला पिवळा. कुठले पाणी कशात ते फक्त बसप्पाने ठेवायचे, मोजून होईपर्यंत कुणालाही सांगायचे नाही, मलाही नाही. मोजणारा माणूस आपल्या मनासारखे मोजतो, म्हणून ही पद्धत. तीन दिवस अक्कांनी एकट्याने मोजले. मी जवळ गेले की म्हणत, "तिकडे बस." चौथ्या दिवशी, तांबड्यातली निम्मी मेल्यावर, वही मिटून विचारले, "तांबडा कुणाचा रे बसप्पा?"

बसप्पा माझ्याकडे बघू लागला. "सांग की," अक्का म्हणाल्या, "मी काय खाते काय तुला?"

"तांबडा तुमचाच री, अक्कावरे."

"हं," अक्का म्हणाल्या. मग पर्स घेऊन बाइंडरकडे गेल्या आणि पाचही प्रती घरी नेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मार्गदर्शक सरांकडे गेलो. सर सज्जन, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सगळ्या ताटल्यांना पाणी एकच होतं ना? मग फरक तो फरकच. देऊन टाका. व्हायवा मी बघतो."

"सर, सगळ्यात कमी मात्रेला मी निर्धोक लिहिलंय."

"अहो अक्का, पीएच.डी. वाचतं कोण?"

"मी वाचते ना," अक्का म्हणाल्या. "माझीच आहे."

प्रबंध दिला नाही. मुदत वाढवून घेतली.

घरचे प्रकरण त्याहून अवघड गेले. दीर म्हणाले, गुत्तेदार औषध झाडावर मारतो, आडात नाही. अक्कांनी त्यांना कट्ट्याच्या फटी दाखवल्या आणि आडासाठी कुलपाची जाळी करायला टाकली. मग सातही घरी स्वतः गेल्या. मी बरोबर होते. एका म्हाताऱ्या शेजारणीने कमरेवर हात ठेवून विचारले, "तुमच्या माशांना काय झालं म्हणून आम्ही पाणी सोडायचं होय? तीस वर्षं पितोय. माशागत वाकडी झालेय का मी?"

"तू मोठी आहेस, काकू," अक्का म्हणाल्या. "मोठ्यांचं दिसत नाही. तुझ्या सुनेला दिवस गेलेत ना? तिला तरी देऊ नको."

त्या घराने पाणी सोडले. दोन घरांनी आपणहून सोडले नाही; जाळी बसल्यावर ती अक्कांशी बोलेनाशी झाली. पुढच्या हंगामात दिरांनी पंप धुवायला बागेच्या दुसऱ्या टोकाला जागा करून दिली. बाग गुत्त्याने देणे काही थांबले नाही.

अक्का निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या सोमवारपासून परत येऊ लागल्या. पगार नाही, हजेरी नाही. ऊर्ध्वपातन यंत्र त्यांनी प्राचार्यांच्या पाठीमागे लागून दुरुस्त करून घेतले, पुस्तकातल्यासारखे क्षार मोजून पाणी बनवले आणि पहिल्या मात्रेपासून सगळे पुन्हा सुरू केले. अडीच वर्षे लागली. माघात प्रयोग लावला. अंडी चांगली निघाली.

सर्वांत कमी मात्रेच्या ताटलीत पिल्ले वेळेवर बाहेर येत होती, कणा सरळ होता, डोळे काळेभोर. वरवर बघणाऱ्याला दोष दिसला नसता. पण हृदयाचे ठोके मंद होते, आणि केस लावला की बरीचशी पळत नव्हती. तिथेच थरथरत राहत. हे पहिल्यांदा स्पष्ट झाले त्या दिवशी अक्कांनी मला खुर्चीवर बसवले. "बघ. आपण ह्यांना सहा वर्षं बरी म्हणत होतो." मी बघितले. केस लावला, पिल्लू हलले नाही. पुन्हा लावला. अक्का म्हणाल्या, "पुरे. त्याला कळतंय, पळता येत नाही."

मोजणी संपली त्या पावसाळ्यात अक्कांना दुखणे लागले आणि पुढच्या पौषात त्या गेल्या. येत्या पौषात वर्ष होईल. भेटायला आलेल्यांपैकी पुष्कळांनी मला विचारले, त्या पाण्यामुळे झाले का? मी म्हणते, माहीत नाही. त्यांना ते उत्तर टाळल्यासारखे वाटते. पण चोवीस खळगे आणि शेजारी एक साधी ताटली असल्याशिवाय मला काही सांगता येत नाही, आणि माणसाला शेजारची ताटली नसते. शेजारणीच्या सुनेला मुलगी झाली, ती चांगली आहे. तेही मी कशाचा पुरावा म्हणून सांगत नाही.

माझे ते अकरा दिवस मात्र मला मोजता येतात. त्या दिवसांत सात घरांनी पाणी भरले. मी गप्प होते, कारण मैत्रिणीचा प्रबंध बांधून होत होता आणि कारण माघाचे शास्त्र माझ्या नावावर होते. दोन्हीतले कुठले कारण मोठे, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. अक्कांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. फक्त कुणी नवीन मुलगी प्रयोगशाळेत आली की तिला सांगत, "नियंत्रणातली मेली तर ओतून टाकू नको. आधी ती का मेली ते बघ." आणि माझ्याकडे बघत नसत.

विद्यापीठाने अक्कांची नोंदणी रद्द केली. उमेदवार हयात नसेल तर तसा नियम आहे. पदवी मिळणार नाही. अक्कांच्या मुलाने मोजणीच्या सात वह्या मला आणून दिल्या. मी रोज सकाळी दोन तास त्या टाइप करते. कॉलेजातल्या एका तरुण प्राध्यापिकेने आकडे तपासून देण्याचे कबूल केले आहे. लेख अक्कांच्या नावाने जाईल. पाच वह्या झाल्या. दोन राहिल्या आहेत.